दाबूनही न वाजलेली बेल

“दाबली होती तिनं! दाबली होती म्हंतो ना मी तुमाले!”

तायडे सर माझ्या काउंटरच्या काचेवर मूठ आपटून ओरडत होते. काच जुनीच, चिकटपट्टीच्या आधारानं उभी असलेली. तिनं घाबरून अंगावर आणखी एक तडा काढून घेतला. समोरचा चहावाला हातातली गाळणी तशीच घेऊन धावला. पानठेल्यावरचे रिकामे लोक आले. एक ऑटोवाला तर सवारी आत बसलेली ठेवून उतरला. अमरावतीत भांडण फुकट पाहायला मिळत असेल तर माणूस स्वतःच्या लग्नातून उठून येतो. माझ्या दुकानात एवढी गर्दी कितीतरी वर्षांनी झाली होती. खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं.

“काय दाबली, सर? कोनं दाबली?”

“बेल! तुमच्या वहिनीनं! म्या बनवलेली बेल! दाबून दाबून आंगठा लाल झाला तिचा, अन् वाजली नाई. तुमच्या ह्या तीन पायाच्या किड्यानं दगा देल्ला मले. डुप्लिकेट माल विकून रायले तुमी, इंगोलेभाऊ!”

असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून एक रेग्युलेटर काढून काचेवर ठेवला. बेलमध्ये बसवलेल्याचा हा जुळा भाऊ. माझ्याच दुकानातून दोन्ही एकदम नेले होते, एक लावायला आणि एक जपून ठेवायला.

मला चोर म्हटलं असतं तर मी चहा पाजला असता. डुप्लिकेट म्हटल्यावर मात्र अंगातलं रक्त उकळून त्याचा कडक चहा झाला. मी तिथल्या तिथे बॅटरी काढली, त्या किड्याला तारा जोडल्या आणि मीटर सगळ्या जमावाकडे फिरवलं. आकडा पाचावर. हलेना की डुलेना. चहावाल्यानं “पाचच पाह्यजे होते का?” असं विचारलं. मी हो म्हटल्यावर गर्दी निराश होऊन पांगली. ऑटोवाल्याची सवारी तोवर पायी निघून गेली होती.

तायडे सर स्टुलावर बसले. मीटरकडे बघत, पण मला नव्हे, स्वतःलाच म्हणाले, “मंग तिनं दाबलीच नसन का?”

इथे मला तुम्हाला आधी सर सांगावे लागतील, मग वहिनी, आणि मधेच तो तीन पायांचा किडा. माझा धंदाच तसा आहे. तार कुठून कुठे गेली हे सांगितल्याशिवाय दिवा का लागला नाही ते सांगता येत नाही.

तायडे सर अकोल्याचे. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, बागेत जातात, मुलांच्या डोक्यात जातात. सर इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेले. त्यांच्यासारखा सर्किट काढणारा माणूस मी पाहिला नाही. आपण कॅपॅसिटर म्हणून दोन रेघा ओढतो. सर त्याला छाया-प्रकाश द्यायचे. ट्रान्झिस्टर असा काढायचे की वाटावं आता उठून बोलेल. एका कागदावर त्यांनी काढलेल्या बॅटरीतून मला झटका बसला होता. हे थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

दर आठवड्याला ते अकोल्याहून एस.टी.नं यायचे. अकोल्यात पार्टची दुकानं नाहीत असं नाही, पण तिथे बसायला स्टूल नाही. माझ्याकडे होतं. एक एलईडी घ्यायचे आणि दुपार घालवायचे. मी बोलायचो, ते ऐकायचे. मग ते बोलायचे आणि मीही बोलायचो. माझी बायको मालती गेल्यापासून माझ्या घरात फक्त फ्रिज बोलतो, तोही थांबून थांबून. म्हणून तो वार मी अख्खा आठवडा जपून ठेवायचो. एरवी दुकानात कोण येतं? पोरं येतात, मोबाइलवरचा फोटो दाखवतात, “हे आहे का?” विचारतात, “आहे” म्हटलं की घेतात आणि पुढचा शब्द न बोलता जातात. नाही म्हटलं तर जाताना घरपोच मागवून टाकतात. कोणी “कसं लावायचं?” असं विचारतच नाही. आणि माझ्याकडे विकायला खरं तर तेवढंच उरलं आहे.

तर तुम्ही न विचारता सांगतो.

रेग्युलेटर म्हणजे नखाएवढी काळी वडी, पाठीला पत्र्याची पट्टी आणि खाली तीन पाय. ७८०५ म्हटलं की शेवटचे दोन आकडे वाचायचे. शून्य पाच, म्हणजे पाच व्होल्ट देणार. एका पायातून आत, एका पायातून बाहेर, मधला जमिनीचा. बॅटरीतून बारा व्होल्ट आले, पुढच्या नाजूक चिपला पाचच हवेत, तर हा मधे उभा राहतो. बारा घेतो, पाच देतो. संयुक्त कुटुंबातल्या नवऱ्यासारखा. आईचं बारा व्होल्टचं बोलणं स्वतः ऐकायचं आणि बायकोपर्यंत पाचच पोचवायचं. आता उरलेले सात कुठे गेले? हा प्रश्न माझ्या दुकानात शंभरातला एक जण विचारतो, आणि तो परत कधी पार्ट जाळून येत नाही. सात कुठेही जात नाहीत. त्या बिचाऱ्याच्या अंगात उष्णता होऊन जळतात. जेवढं जास्त ओझं पुढे लावाल, तेवढा तो तापणार. म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा स्क्रूनं आवळायचा, मधे पांढरी पेस्ट लावायची. त्याला हीटसिंक म्हणतात. तो उष्णता पाठीवरून काढून हवेत सोडतो.

लोक हे ऐकतात आणि आपल्या डोक्यानं करतात. धामणगाव रेल्वेचा एक हौशी गृहस्थ महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी फिरते दिवे बनवत होता. त्यानं वेगवेगळ्या जातीचे तीन रेग्युलेटर एकाच स्टीलच्या ताटाला स्क्रूनं आवळले. म्हणाला, “तिघाईले एक ताट, भाऊ, जागा वाचते.” आता ७८०५ची पाठ आतून जमिनीच्या पायाला जोडलेली असते, ३१७ नावाच्या भावाची पाठ बाहेरच्या पायाला, आणि उणे व्होल्टवाल्याची पाठ आतल्या पायाला. तिघांच्या पाठी एका ताटाला टेकवल्या म्हणजे तिन्ही तारा एकमेकींच्या गळ्यात. मधे अभ्रकाची चकती ठेवायची असते, स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी घालायची असते. त्यानं नव्हती घातली. बटण दाबताच ताट असं तापलं की त्यावर अनारसे तळून झाले असते.

दुसरा मोर्शीकडचा संत्रावाला. माकडं हाकलायला भोंगा बनवला. पाय उलटे लावले आणि शेजारचा मोठा कॅपॅसिटरही उलटाच. तो फुटला तेव्हा असा आवाज झाला की माकडं सरळ मध्य प्रदेशात गेली आणि तिथून अजून परतली नाहीत. तो गडी मात्र मला म्हणाला, “माल चांगला हाय तुमचा, अजून चार द्या.”

हे सगळे हसण्यावारी गेलेले लोक. तायडे सरांचं तसं नव्हतं.

विमलवहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात राहिला आणि डोळे. मुलगा पुण्यात, येतो आणि जातो. सरांचं अमरावतीला येणं बंद झालं. माझं स्टूल रिकामं पडलं. मी अकोल्याला जाईन जाईन म्हणत होतो आणि दुकान उघडत होतो. मधे एकदाच सर आले, घाईघाईत. दोन रेग्युलेटर, एक संगीत वाजवणारी चिप, स्पीकर आणि मऊ बटण घेऊन गेले. वहिनींच्या डाव्या हाताशी बटण बांधायचं, बाहेरच्या खोलीत बेल वाजवायची. लाईन गेली तरी वाजावी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून घ्यायची. बारातून पाच करायचे. मला वाटलं, झालं, किती सोपं काम.

आणि आता हे स्टुलावर बसून सांगत होते. दुपारी वहिनींना झोप लागली म्हणून सर बाहेरच्या खोलीत आडवे झाले आणि त्यांचाही डोळा लागला. जाग आली, आत जाऊन पाहिलं तर अंथरूण ओलं, वहिनींचे डोळे ओले. सरांनी विचारलं, “दाबली काहून नाई?” वहिनींनी अंगठा दाखवला. सरांनी बटण दाबलं. बेल खणखणीत वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. सर चिडले. चार दिवसांनी शेजारणीला दारात सांगून ते औषध आणायला गेले, परत आले तर तेच. शेजारीणबाई दाराशीच बसलेली, म्हणे बेल काही वाजली नाही. सरांनी दाबली, वाजली.

“म्या तिले म्हनलं, बेल खोटं बोलते का तू?” सर म्हणाले. “तवापासून तिनं बटनाले हातच लावला नाई. भितीकडे तोंड करून रायते. अन् मी तिथंच बसून रायतो, भाऊ. आंघोळीले जायाचं तर शेजारच्या बाईले बसवून जा लागते. आज तिले बसवूनच आलो.”

म्हणजे बघा. बाईचं बोलणं गेलेलं. उरलेली जीभ म्हणजे ती बेल. आणि ती बेलच नवऱ्यापुढे साक्ष देत होती की बाई खोटं बोलते.

मी दुकानाचं शटर ओढलं. मीटर, डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, कावी, आणि हाताला लागेल ते पिशवीत घातलं. भर दुपारी दुकान बंद केलं म्हणून चहावाला विचारायला आला, “कोनी गेलं का?” मी म्हटलं, “अकोल्याले चाललो.” तर म्हणाला, “तेच तं. एवढ्या उनात?”

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काही बोलत नाही. लोक म्हणतात इंगोले वाढवतो. फक्त एवढंच सांगतो की बसस्टँडवर उतरलो तेव्हा माझी सावली खाली उतरायला तयार नव्हती. सरांच्या घरी पोचेपर्यंत पिशवीतल्या डागाच्या तारेनं आपणहून वितळायची तयारी केली होती.

घर लहान, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सरांनीच काढलेलं वहिनींचं तरुणपणचं चित्र. शेजारची बाई “जय भीम” म्हणून उठली आणि सुटका झाल्यासारखी निघून गेली. आतल्या खोलीत खिडकीला कूलर. घरघर करत, गार ओला वारा फेकत. त्या वाऱ्यात खाट, आणि खाटेवर वहिनी, भिंतीकडे तोंड करून.

“वहिनी, इंगोले आलो,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. मला ओळखलं. मग डावा हात उचलला, अंगठा मला दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की आयुष्यात कोणत्याही गिऱ्हाइकानं मला एवढा अवघड जॉब दिला नसेल.

मी कामाला लागलो. सरांचं काम म्हणजे चित्रच. एकही तार वाकडी नाही, लाल लाल ठिकाणी, काळी काळ्या ठिकाणी, दोन्ही छोटे कॅपॅसिटर रेग्युलेटरच्या पायाशी जिथल्या तिथे. बटण दाबलं. बेल वाजली. हलवून दाबलं, वाजली. तारा ओढून पाहिल्या, डाग तपासले, बटण उघडून पुसलं. वाजली, वाजली, वाजली. बाहेरच्या खोलीतून दर वेळेला ती चिप आनंदानं कुठलीशी धून वाजवत होती. तिचा गळा दाबावासा वाटत होता.

दर वेळेला बेल वाजली की सर वहिनींकडे बघत. पहिल्यांदा काळजीनं, मग जरा थकून, मग जसं शाळेत खोडकर पोरीकडे पाहिलं असेल तसं. शेवटी म्हणाले, “विमल, खरं सांग. दाबली होती का तू?”

वहिनींनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मी तोंडाळ माणूस. दगडालाही दोन गोष्टी सांगून हसवीन अशी माझी ख्याती. त्या खोलीत मालती असती तर तिनं कपाळावर हात मारून म्हटलं असतं, पाहा, इंगोले गप्प बसले. तिला सांगायला घरी जावं तर तिथेही आता कोणी नव्हतं. मी कूलरसमोर फतकल मारून बसलो आणि त्या मशीनकडे बघत राहिलो. मशीन बिनचूक होतं. माझ्या सगळ्या विद्येप्रमाणे वहिनी खोट्या ठरत होत्या. आणि मला ते पटत नव्हतं. त्याचं कारण मीटरवर दाखवता येत नव्हतं.

“चहा घेता?” सरांनी विचारलं.

“घेतो.”

सर चहा ठेवायला गेले आणि लाईन गेली.

कूलरचा पंखा घरघरत घरघरत थांबला. वारा बंद झाला तशी छपरावरची सगळी दुपार त्या खोलीत उतरली. वहिनींच्या डोक्याशी एक छोटा पंखा होता, मोबाइलच्या चार्जरवर चालतो तसला. तो बॅटरीवर फिरत राहिला. एक दिवाही त्याच वायरीवर लागलेला, सरांचा मोबाइलही त्यावरच चार्ज होत होता. मी ते सगळं पाहिलं होतं, पण बेलच्या मागे लागलेल्या माणसाला पंखा दिसत नाही. थोड्या वेळानं तो छोटा पंखा मंदावला. थांबला. परत थोडा फिरला. परत थांबला.

मी उठलो आणि वायरीचा माग काढत गेलो. सरांचा रेग्युलेटर मघाशी पाहिला होताच, पण तो होता कुठे? कूलरच्या तोंडावर! पुढच्या जाळीला आतून, बरोबर वाऱ्याच्या धारेत, तारेनं सुबक बांधलेला. हीटसिंक नाही, काही नाही. बोट लावलं आणि बोटाची कातडी तिथेच ठेवून मागे आलो.

“सर!” मी ओरडलो. “इकडे या! चहा जाऊ द्या!”

सर धावत आले. मी म्हटलं, “वहिनी, आता दाबा.”

त्या हलल्या नाहीत.

“दाबा ना जी वहिनी. माह्यासाठी दाबा.”

त्यांनी सावकाश हात सरकवला. अंगठा बटणावर ठेवला. दाबला.

बाहेरच्या खोलीतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फक्त सरांकडे. डोळे न हलवता बघत होत्या आणि दाबत होत्या. खोलीत एवढी शांतता की अंगठा बटणावर पडल्याचा टिक टिक आवाज ऐकू येत होता. सर खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, “दाब. अजून दाब.” आणि त्या दाबत राहिल्या, तो न वाजणारा प्रत्येक ठोका सरांना मोजून दिल्यासारखा.

मी बाहेर जाऊन गॅस बंद केला. चहा उतू गेला होता.

नंतर सरांना समजावून सांगितलं, तसं तुम्हालाही सांगतो. बेलला लागते वीज चिमूटभर. तेवढ्यावर रेग्युलेटर कोमटही झाला नसता. पण सरांनी मायेपोटी एकेक वस्तू वाढवली. वहिनींना उकडतं म्हणून पंखा, अंधार नको म्हणून दिवा, वायर हाताशी आहे म्हणून मोबाइल. सगळं त्या एकाच तीन पायांच्या जिवावर. तो तापायला लागला हे सरांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी वऱ्हाडी इलाज केला. आमच्याकडे उन्हाळ्यात जे तापेल ते कूलरपुढे ठेवतात. ताप आलेलं पोर, भिजवलेलं खरबूज, मोटारसायकलवरून आलेला जावई, सगळ्यांना तीच जागा. सरांनी रेग्युलेटरलाही दिली. आणि चालत होतं की! गार ओल्या वाऱ्यात तो मजेत होता. पण कूलर चालतो लाईनवर आणि बेल बॅटरीवर. लाईन गेली की वारा बंद, ओझं मात्र तेच. ह्या रेग्युलेटरला एक अक्कल दिलेली असते, फार तापला की जळून न जाता स्वतःच काम थांबवतो आणि निवला की पुन्हा सुरू होतो. म्हणून बेल मुकी व्हायची ती लाईन नसतानाच. एरवी लाईन गेली की सर पुठ्ठा घेऊन वहिनींपाशीच वारा घालत बसायचे, तेव्हा बेलची गरजच पडत नव्हती. त्या दोन दुपारी तेवढे नव्हते. आणि ते परत येऊन तपासेपर्यंत लाईन आलेली, कूलर सुरू, किडा थंडगार, बेल साक्षीला हजर.

सर्किटच्या कागदावर सरांनी सगळं काढलं होतं, छाया-प्रकाशासकट. कूलर काढला नव्हता. कूलर सर्किटचा भाग आहे असं कोणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नव्हतं, मीही त्याच्या वाऱ्यात बसून दोष शोधत होतो.

मग मी सगळं उपटलं. बेलला तिचा स्वतंत्र ७८०५ दिला, दुसऱ्या कुणाचं ओझं नाही, पाठीला चांगला रुंद हीटसिंक, आणि तो कूलरपासून लांब कोरड्या भिंतीवर. पंखा-दिव्यासाठी बक नावाची छोटी पट्टी लावली. ती उरलेली वीज जाळत बसत नाही, म्हणून तापत नाही. तिच्यावर बारीक स्क्रू असतो, तो फिरवून आधी मीटरवर पाच करून घ्यायचे आणि मगच पंखा जोडायचा. उलट क्रम केला तर पंख्याला बारा मिळतात आणि तो विमानासारखा उडून जातो. बॅटरीच्या अगदी टोकाशी फ्यूज घातला. इन्व्हर्टरची बॅटरी वरून गरीब दिसते, पण दोन तारा चिकटल्या तर वायर लाल करून घर पेटवायची ताकद तिच्यात असते. सरांनी फ्यूज घातलाच नव्हता. का, तर चित्रात बरा दिसत नव्हता. आणि बेलशेजारी एक हिरवा दिवा लावला. मुकी बेल आणि न दाबलेली बेल बाहेरून सारखीच दिसते. दिवा जळतोय तोवर बेलला वीज आहे, विझला की धावा.

हे सगळं झाल्यावर वहिनींच्या डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. सर म्हणाले, “हे काय?” मी म्हटलं, “याले बॅटरी लागत नाई.” वहिनींच्या तोंडाची डावी बाजू हलली. मी ते हसणं धरलं. तुम्ही म्हणाल इंगोले वाढवतो. म्हणा.

मग लाईन आल्यावर मी स्वतः कूलर बंद केला, खिडकी लावली आणि आम्ही तिघं त्या भट्टीत घामानं न्हात बसलो. पंखा, दिवा, मोबाइल, सगळं चालू ठेवून. बेल दर वेळेला वाजली. सर बाहेर जायचे, वहिनी दाबायच्या, सर आत यायचे. पुन्हा बाहेर. एवढ्या फेऱ्या त्या माणसानं शाळेत सुपरव्हिजनलाही मारल्या नसतील.

निघताना सर बसपर्यंत पोचवायला आले नाहीत. मीच नको म्हटलं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तो कारंज्याच्या फाट्यावर उतरला. त्याचं गाव पुढे होतं असं मला वाटतं. घरी आलो. माझ्या दारालाही बेल आहे, उत्तम चालते, मीच बसवलेली. पार्सलवाला दाबतो, आणि मग सांगतो की वरच्या मजल्यावरचं आहे.

त्यानंतर माझं स्टूल रिकामंच राहिलं. बेल नीट झाली म्हणजे सर मोकळे होतील, शेजारच्या बाईला बसवून पुन्हा कधीतरी येतील, असा माझा मतलबी हिशेब होता. आले नाहीत. पावसाळा अर्धा सरल्यावर मीच फोन लावला.

“काय सर, किडा कसा हाय?”

“मस्त. बोट लावून पाह्यतो रोज. कोमट बी नाई.”

“हिरवा दिवा?”

“लागून हाय.”

“अन् वहिनी दाबते का बेल?”

“दाबते का म्हंता?” सर म्हणाले. पलीकडून बेलची धून ऐकू आलीच. “दिवसभर दाबते, भाऊ. हे पाहा, आत्ताच दाबली. जाऊन पाह्यतो तं काई नाई. पानी नाई पाह्यजे, कूस नाई बदलायची, काईच नाई. नुस्ती पाह्यते माह्याकडे. मी परत येऊन बसलो की पुन्हा दाबते.”

मी धंदेवाला माणूस. लगेच उपाय सांगितला. “एक स्विच टाकून देऊ का बाहेरून? घडीभर बंद ठेवता येईन. तुमालेही जरा आराम.”

“नाई. नको.”

बेल पुन्हा वाजली.

“मंग तुमी काय करता, सर?”

“जातो.”